खंड पडू न देण्याचा खर्च

महासाथ ओसरू लागली की आटलेल्या तिजोरीतून आधी कोणाला द्यायचे आणि कोणाला थांबायला सांगायचे हा प्रश्न प्रत्येक देशाच्या अर्थखात्यापुढे उभा राहतो, आणि ज्यांचा आवाज राजधानीपर्यंत पोहोचत नाही त्यांच्यावरच बहुधा थांबण्याची पाळी येते. कोविड-१९ नंतरच्या वर्षांत ही पाळी ज्यांच्यावर आली, त्यांत हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार, खुपरी, नदीअंधत्व यांसारख्या आजारांचे रुग्ण आणि त्या आजारांवर काम करणाऱ्या यंत्रणा होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने ‘दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार’ या वर्गात आज २१ आजार व आजारगट धरले आहेत. त्यांचे जंतू, कृमी आणि वाहक वेगवेगळे असले, तरी रुग्ण मात्र बहुतेक एकाच थरातले असतात: शेतमजूर, जंगलालगतच्या पाड्यांवरचे लोक, गटाराकाठच्या झोपडपट्टीतील कुटुंबे, स्वच्छ पाण्याची सोय नसलेली गावे. जगात १०० कोटींहून अधिक लोकांना यांपैकी एखाद्या तरी आजाराची झळ पोहोचते. हे आजार सहसा एकदम मोठ्या संख्येने माणसे मारत नाहीत; ते दृष्टी घालवतात, हातपाय विद्रूप करतात, रोजगार हिरावून घेतात आणि लग्न, शाळा, शेजार यांतून माणसाला हळूहळू बाजूला काढतात.

या आजारांच्या नियंत्रणाला लागणारा पैसा फार नाही, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय महासाथीनंतरच्या काटकसरीत नेमके काय गमावले गेले हे ध्यानात येत नाही. त्यासाठी हत्तीरोगाचे उदाहरण सर्वांत उपयोगी पडते. भारतातील हत्तीरोग जवळजवळ सर्वत्र ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ नावाच्या, धाग्यासारख्या दिसणाऱ्या कृमीमुळे होतो आणि तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारी क्युलेक्स डासाची मादी तो पसरवते. प्रौढ कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातील ऊतींमधला जादा द्रव रक्तात परत नेणाऱ्या बारीक नलिकांत, सुमारे सहा ते आठ वर्षे जगतात आणि या काळात लक्षावधी सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडतात. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. ती रात्री, नेमकी क्युलेक्स डास चावण्याच्या वेळी, त्वचेलगतच्या रक्तात येतात आणि डासामार्फत दुसऱ्या माणसाकडे जातात. उपलब्ध औषधे ही पिल्ले नष्ट करतात, पण प्रौढ कृमींचा पूर्ण नायनाट करू शकत नाहीत. म्हणून बाधित जिल्ह्यातील जवळजवळ सर्व लोकांना, त्यांना आजार असो वा नसो, दरवर्षी औषध द्यायचे आणि प्रौढ कृमी आपले आयुष्य संपवून मरेपर्यंत डासांना माणसाच्या रक्तातून पिल्ले मिळू द्यायची नाहीत, असा मार्ग काढण्यात आला. यालाच सामुदायिक औषधोपचार मोहीम म्हणतात. डीईसी आणि अल्बेंडाझोल या दोन औषधांच्या पद्धतीत अशा किमान पाच वार्षिक फेऱ्या व्हाव्या लागतात आणि प्रत्येक फेरीत एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी गोळ्या प्रत्यक्ष गिळाव्या लागतात.

अशा मोहिमेचा खर्च साधारणपणे दरडोई, दरवर्षी अर्ध्या डॉलरहूनही कमी येतो, त्यामुळे सार्वजनिक आरोग्यातील अत्यंत स्वस्त उपायांत तिची गणना होते. हा स्वस्तपणा मात्र फेऱ्या सलग होण्यावर अवलंबून असतो. तिसऱ्या फेरीनंतर एक वर्ष चुकले, तर त्या वर्षाचा पैसा वाचत नाही; आधीच्या तीन वर्षांच्या खर्चाने खाली आणलेले जंतूंचे प्रमाण पुन्हा वर चढू लागते. बांधाचे भगदाड अर्धे बुजवून काम थांबवावे आणि उरलेल्या मातीचे पैसे वाचले असे म्हणावे, तसा तो हिशेब होतो. रोगप्रसाराची गणिती प्रतिमाने मांडणाऱ्या संशोधकांनी महासाथीच्या काळातच दाखवून दिले होते की, जेथे रोगाचे प्रमाण मुळात जास्त आहे तेथे चुकलेल्या फेरीचे नुकसान अधिक होते, आणि ते भरून काढायचे तर पुढे एक जादा फेरी घ्यावी लागते किंवा औषध घेणाऱ्यांचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच वाढवावे लागते. म्हणजे सावरण्याच्या वर्षांत या कामाला आधीपेक्षा जास्त पैसा लागणार होता, आणि नेमक्या त्याच वर्षांत त्याला कात्री लागली.

१ एप्रिल २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सामुदायिक औषधोपचार, घरोघरचा रुग्णशोध आणि लोकसंख्येची सर्वेक्षणे तूर्त पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. घरोघर फिरणारा कर्मचारीच संसर्गाचा वाहक ठरण्याची भीती असताना तो सल्ला योग्यच होता, आणि जुलैमध्ये सावधगिरीने काम पुन्हा कसे सुरू करावे याचीही सूचना आली. तरीही २०२० मध्ये जगभर प्रतिबंधक औषधे मिळालेल्या लोकांची संख्या २०१९ च्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशाने घटली. हत्तीरोगाच्या बाबतीत केवळ औषधवाटपच थांबले नाही. रोग कोठे उरला आहे हे कळण्यासाठी आरोग्यसेवक रात्री साडेआठनंतर वस्तीत जाऊन लोकांचे बोट टोचतात आणि काचपट्टीवर रक्ताचा जाड थर घेतात, कारण दिवसा घेतलेल्या नमुन्यात मायक्रोफायलेरिया सहसा सापडत नाहीत. संचारबंदीच्या काळात या कामाला वाव नव्हता, आणि रात्रीचे काम दिवसावर ढकलण्याची सोय निसर्गानेच ठेवलेली नाही.

कुष्ठरोगाचे आकडे अधिक बोलके आहेत. २०१९ मध्ये जगात दोन लाखांहून अधिक नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या सुमारे १ लाख २७ हजारांवर आली. भारतातील नोंद सुमारे १ लाख १४ हजारांवरून ६५ हजारांच्या आसपास घसरली. ज्या रोगाची लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात तो एका वर्षात इतका ओसरू शकत नाही. तपासणी थांबल्यामुळे नोंद घटली, हे उघड आहे. कुष्ठरोगात उशिरा निदान होण्याची किंमत ठरलेली असते: बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, पण तोवर निकामी झालेले मज्जातंतू आणि वाकडी झालेली बोटे पुन्हा पूर्ववत होत नाहीत. त्या एका वर्षात न सापडलेल्या माणसांना पुढे शस्त्रक्रिया, विशेष पादत्राणे, जखमांची निगा आणि पुनर्वसन लागते, आणि हा सगळा खर्च वेळेवर केलेल्या तपासणीच्या कितीतरी पट असतो.

याच काळात नारूचे चित्र वेगळे राहिले. दूषित पाण्यातून शरीरात जाणाऱ्या आणि वर्षभराने कातडी फोडून बाहेर येणाऱ्या या कृमीचे जगभरात २०१९ मध्ये ५४ मानवी रुग्ण होते; २०२० मध्ये ते २७, २०२१ मध्ये १५ आणि २०२२ मध्ये १३ झाले. नारूवर ना औषध आहे ना लस. पाणी गाळून पिणे, रुग्णाला तळ्यात उतरू न देणे आणि प्रत्येक संशयिताची खबर ताबडतोब देणे एवढ्यावरच हे काम चालते. चाड, दक्षिण सुदान, इथिओपिया, माली या देशांत ते करणारे स्वयंसेवक त्याच गावांत राहणारे होते, त्यामुळे रस्ते आणि विमाने बंद झाली तरी गावातली पाहणी बंद पडली नाही. भारताने हा रोग याच पद्धतीने घालवला. येथील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. गावातच राहणाऱ्या माणसावर केलेला खर्च संकटातही टिकतो, हा या अनुभवाचा अर्थ आहे आणि पैशाची वाटणी करणाऱ्यांनी तो गांभीर्याने घ्यायला हवा.

या आजारांच्या अर्थकारणातील एक बाब सर्वसामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. औषधांचा मोठा भाग फुकट मिळतो. मर्क कंपनीने १९८७ मध्ये नदीअंधत्वासाठी आयव्हरमेक्टिन लागेल तितके आणि लागेल तोवर देण्याचे जाहीर केले. आज जीएसके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९९८ मध्ये हत्तीरोगासाठी अल्बेंडाझोल देऊ केले. जपानची एसाय कंपनी जागतिक आरोग्य संघटनेला मोफत देत असलेल्या डीईसीच्या गोळ्या आपल्या विशाखापट्टणमच्या कारखान्यात तयार करते. लंडन येथे ३० जानेवारी २०१२ रोजी औषध कंपन्या, देणगीदार आणि सरकारे यांनी मिळून केलेल्या जाहीरनाम्याने या देणग्यांना एक चौकट मिळाली. पण गोळी बंदरात उतरली म्हणजे माणसाच्या पोटात गेली असे होत नाही. तिची साठवण, वाहतूक, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, घरांच्या याद्या, दुष्परिणाम झाल्यास धावून जाणारे वैद्यकीय पथक, मोहिमेनंतरची मोजणी या सगळ्यांना रोख पैसा लागतो. हा पैसा थांबला की फुकट आलेली औषधेही गोदामात पडून राहतात आणि त्यांची मुदत संपते.

ब्रिटनच्या निर्णयाने ही वेळ प्रत्यक्ष जवळ आणली. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या देशाने परदेशी साहाय्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आणि त्याचा फटका आफ्रिका व दक्षिण आशियातील देशांमध्ये २०१९ पासून चालू असलेल्या ‘असेंड’ या सुमारे २२ कोटी पौंडांच्या कार्यक्रमाला बसला. पाच दुर्लक्षित आजारांवरचा हा कार्यक्रम २०२१ मध्ये मुदतीआधीच गुंडाळण्यात आला. ब्रिटनची अर्थव्यवस्था २०२० मध्ये सुमारे दहा टक्क्यांनी आकसली होती आणि तिच्या सरकारवर खरा ताण होता, हे मान्य केलेच पाहिजे; परंतु साहाय्य उत्पन्नाच्या टक्केवारीत बांधलेले असले की उत्पन्न घटताच ते आपोआप घटते, आणि त्यावर टक्केवारीही कमी केली की घट दुहेरी होते. ज्या देशांनी औषधांच्या मागण्या नोंदवून मोहिमांच्या तारखा ठरवल्या होत्या, त्यांना पर्यायी पैसा उभा करायला पुरेसा अवधीही मिळाला नाही, आणि कोट्यवधी गोळ्या मुदत संपून नष्ट कराव्या लागण्याचा धोका निर्माण झाला. पुढे जून २०२२ मध्ये रवांडाच्या राजधानीत किगाली जाहीरनामा झाला आणि दीड अब्ज डॉलरहून अधिक रकमेची नवी आश्वासने मिळाली, पण आश्वासनातून हरवलेली वर्षे परत येत नाहीत. २००६ पासून या क्षेत्रात दरवर्षी मोठी रक्कम घालणाऱ्या अमेरिकेने २०२५ च्या आरंभी आपला हात जवळजवळ एकाएकी काढून घेतला, तेव्हा महासाथीच्या धक्क्यातून सावरू पाहणाऱ्या कार्यक्रमांना दुसरा धक्का बसला.

बाधित देशांनी स्वतःच पैसा उभा करावा, असे यावर सहज म्हटले जाते. ते तत्त्वतः खरे आहे. पण नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाला परदेशी रोख्यांवरचे व्याज फेडता आले नाही, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ६५० अब्ज डॉलर मूल्याचे विशेष आहरण अधिकार, म्हणजे परकीय चलनात बदलून घेता येणारी राखीव मालमत्ता, सदस्य देशांना वाटली तेव्हा संपूर्ण आफ्रिकेच्या वाट्याला सुमारे ३३ अब्ज आले, कारण वाटप गरजेनुसार नव्हे तर निधीतील हिश्शानुसार होते. अशा स्थितीत स्वावलंबनाचा उपदेश करणे सोपे आणि आचरणे फार कठीण असते.

भारताची गोष्ट याहून वेगळी आहे. येथील हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून चालत आला आहे, २००४ पासून त्यात वार्षिक सामुदायिक औषधोपचार आला, आणि त्याचा खर्च प्रामुख्याने केंद्र व राज्य सरकारांच्या अंदाजपत्रकांतून होतो. लंडनमध्ये घेतलेल्या निर्णयाने गडचिरोलीतील मोहीम बंद पडत नाही, ही या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे. तरीही २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवलेले २०१५ हे वर्ष हुकले, २०१७ च्या धोरणातील उद्दिष्टही हुकले, आणि आता २०३० च्या जागतिक मुदतीआधी तीन वर्षे, म्हणजे २०२७ पर्यंत दुरीकरण करण्याचा संकल्प झाला आहे. मालदीव आणि श्रीलंका यांनी २०१६ मध्ये, तर बांगलादेशाने २०२३ मध्ये हे उद्दिष्ट गाठले. तेव्हा पैसा स्वतःचा असणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते. तो साखळीच्या कोणत्या कडीवर खर्च होतो, हे तितकेच महत्त्वाचे ठरते.

ही कमकुवत कडी दारात दिसते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डीईसी व अल्बेंडाझोल यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याची तीन औषधांची पद्धत सुचवली, जिच्यामुळे कमी फेऱ्यांत काम होऊ शकते, आणि भारताने तिच्यासाठी निवडलेल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत अरवल, सिमडेगा, वाराणसी, यादगीर यांच्याबरोबर नागपूर होते. या पद्धतीत प्रौढ माणसाला डीईसीच्या तीन गोळ्या, चावून खाण्याची अल्बेंडाझोलची एक आणि उंची मोजून ठरवलेल्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या जातात. १५९ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच व्यक्तीला त्या चार मिळतात. कसलाही त्रास नसलेल्या माणसाने एका वेळी आठ गोळ्या, त्याही जेवणानंतर आणि समोर उभ्या असलेल्या आशा सेविकेच्या देखत घ्याव्यात, अशी ही अपेक्षा असते. ज्याच्या रक्तात पिल्ले असतात त्याला ती मरताना ताप किंवा चक्कर येऊ शकते, आणि त्याचे कारण आधी समजावले नसेल तर शेजारची दहा घरे गोळ्या हातात घेऊन नंतर टाकून देतात. वाटलेल्या गोळ्या आणि गिळलेल्या गोळ्या यांतील हे अंतर भारतीय मोहिमांचे जुने दुखणे आहे, आणि ते बुजवणारी व्यक्ती म्हणजे आशा सेविका.

तिच्या मोबदल्याकडे पाहिले की देशाने या कामाचे मोल किती ठरवले आहे ते दिसते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या दरपत्रकात हत्तीरोग मोहिमेसाठी ५० घरे आणि २५० माणसे पूर्ण करण्याकरिता दिवसाला २०० रुपये, तेही जास्तीत जास्त तीन दिवस, अशी तरतूद होती. महासाथीत याच सेविकांवर घरोघरचे कोविड सर्वेक्षण आले आणि त्याबद्दल केंद्राने महिन्याला १००० रुपये जादा देऊ केले. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा सेविका संपावर गेल्या, तेव्हा मागणी मानधनवाढीची आणि कामाच्या रास्त मोबदल्याची होती. दुर्लक्षित आजारांसाठी निधी वाढवा असे म्हणताना त्या निधीतील पहिला वाढीव रुपया या दारातल्या कामावर पडला पाहिजे. भित्तिपत्रके आणि उद्घाटने यांवर तो पडून उपयोग नाही.

आयव्हरमेक्टिनच्या वाट्याला महासाथीत आलेली प्रसिद्धीही येथे नोंदवण्यासारखी आहे. ज्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते हे औषध नदीअंधत्व आणि हत्तीरोगावर दशकानुदशके सिद्ध झालेले आहे. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी सर्व प्रौढ नागरिकांना ते कोविडच्या प्रतिबंधासाठी देण्याचे जाहीर केले, मात्र त्याआधीच मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी ते केवळ वैद्यकीय चाचण्यांतच वापरावे असा सल्ला दिला होता. भीती सर्वांची असेल तर पुराव्याची वाटही न पाहता संपूर्ण लोकसंख्येला गोळी देण्याचा निर्णय काही दिवसांत होऊ शकतो, आणि पुरावा पूर्ण असूनही आजार फक्त गरिबांचा असेल तर तेच औषध जिल्ह्यापर्यंत पोहोचायला वर्षे लागतात, ही बाब वेदनादायक आहे.

महासाथीनंतर भारतात आरोग्यासाठी नवा पैसा आला नाही असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत ७०,०५१ कोटी रुपयांचे आरोग्य अनुदान सुचवले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे ६४ हजार कोटींचे आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान सुरू झाले. त्यांचा रोख तालुका पातळीवरील सार्वजनिक आरोग्य केंद्रे, जिल्हा प्रयोगशाळा आणि अतिदक्षता विभाग यांवर होता. या प्रयोगशाळा पुढच्या महासाथीची वाट पाहत बसण्यापेक्षा रात्रीच्या रक्तनमुन्यांची तपासणी, कुष्ठरोगाची त्वचातपासणी आणि काळा आजाराचे निदान यांसाठी रोज चालल्या, तर संकटाच्या वेळी त्यांना चालवणारी सरावलेली माणसेही तयार असतील.

अर्थमंत्रालयांना या खर्चातून काय परत मिळते हे सांगताना बहुधा एका रुपयाचे अनेक रुपये होतात असे आकडे पुढे केले जातात. भारतातील हत्तीरोगामुळे उपचार आणि बुडालेली मजुरी यांपोटी वर्षाला सुमारे ८४ कोटी डॉलरचे नुकसान होते, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले होते. मात्र हे नुकसान टळल्याचा फायदा भात लावणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, हातमागावर बसणाऱ्या माणसाच्या घरात जातो. तो कररूपाने तिजोरीत लगेच दिसत नाही, आणि म्हणूनच महसूल मोजत सावरणाऱ्या सरकारच्या नजरेतून निसटतो. आर्थिक पुनरुज्जीवन म्हणजे केवळ करसंकलन पूर्ववत होणे असे मानले तर हा खर्च नेहमीच शेवटी उरेल. मजुराची मजुरी पूर्ववत होणे हाही त्याचा भाग मानला तर तो पहिल्या काही ओळींत येईल.

२०२७ चे उद्दिष्ट गाठले तरी खर्च संपणार नाही. औषधवाटप थांबवल्यानंतर सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी करून संक्रमण खरोखर थांबले की नाही हे काही वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा पाहावे लागते, कारण मोहिमेच्या काळात जन्मलेल्या मुलांत संसर्ग सापडला तर तो नव्याने झालेला असतो. दुसरीकडे, ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत त्यांना गोळ्यांनी पूर्वीचा पाय परत मिळत नाही. त्यांना रोज साबण-पाण्याने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, मलम लावणे आणि पाय उंचावर ठेवणे शिकवावे लागते, त्यासाठी टब, मग, टॉवेल, साबण, मलम एवढे साहित्य नियमित पुरवावे लागते, आणि अंडवृद्धी झालेल्या पुरुषांच्या शस्त्रक्रिया तालुक्याच्या रुग्णालयात कराव्या लागतात. या साध्या निगेने ताप आणि सूज यांचे वारंवार येणारे झटके बरेच कमी होतात आणि माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो. दुरीकरणाचा दाखला देताना जागतिक आरोग्य संघटना बाधित भागात ही सेवा उपलब्ध आहे की नाही हेही पाहते. त्यामुळे हत्तीरोगाचे लेखाशीर्ष २०२७ नंतरच्या अंदाजपत्रकांतही चालू ठेवावे लागेल, आणि आज पूर्व विदर्भात सुजलेल्या पायाने शेतात उतरणारा तिशीतला मजूर साठीला पोहोचेपर्यंत ते बंद करता येणार नाही.